ताईला उचलायचं होतं म्हणून

दातवाल्याच्या अंगात ताकद आहे असं कुणी म्हटलं असतं, तर सगळ्यात आधी त्याची ताईच हसली असती. मुळात तो काडीसारखा. शर्ट अंगात घातलेला नसून खुंटीला अडकवलाय असं वाटावं, इतका. त्यात काम बसून करायचं. डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे यायचे आणि त्यांवरून हा कवळ्या बनवायचा. एका इमारतीच्या मागच्या अंगाला, जिन्याखालून वाकून आत गेलं की लांबट खोली, तीच लॅब. खिडकी एकच. टेबलावर दिवा, मेण तापवायची छोटी शेगडी, आणि फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. मालक बाहेरच्या खोलीत फोनवर असायचा आणि हा आत एकटा, दिवसभर पाठीत वाकून. ज्यांच्या कवळ्या त्याने बनवल्या, त्यांतलं एकही माणूस त्याने कधी पाहिलं नव्हतं. बोलावं लागत नाही म्हणून हे काम आवडलं, की हे काम करता करता बोलणंच सुटलं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

घरात बोलण्याचं खातं ताईकडे होतं. ती त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हा जेमतेम चालायला लागला होता. तिनेच त्याला वाढवला. पुढे ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली आणि निवृत्त होईपर्यंत लोकांचे फोन जोडून देत राहिली. उंच, भरल्या अंगाची बाई, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून तिने हाक मारली तर रस्त्यावरचा अनोळखी माणूससुद्धा थबकावा. तिचं लग्न भावामुळे राहिलं असं नातेवाईक म्हणायचे. भावाचं लग्न तिच्यामुळे राहिलं असंही तेच नातेवाईक म्हणायचे. दोघा भावंडांनी दोन्ही गोष्टी ऐकल्या आणि सोडून दिल्या. त्याची पन्नाशी उलटली तरी ती त्याला ‘बाळ’च म्हणायची, आणि तोही ओ द्यायचा.

मग ताईला झटका आला. जीव वाचला, पण डावी बाजू गेल्यात जमा. दवाखान्यातून घरी आली ती पलंगावरच. दिवसा सांभाळायला एक बाई ठेवली. ती सकाळी यायची, संध्याकाळी हा घरी परतला की जायची. तिला माणसं उचलायची सवय होती. ती ताईला एका दमात खुर्चीत बसवायची. संध्याकाळपासून सकाळपर्यंत आणि रविवारी मात्र सगळा भार दातवाल्यावर.

असाच एक रविवार. ताई न्हाणीघरात स्टुलावर बसली होती आणि हा साबण द्यायला वाकला, तेवढ्यात ती एका बाजूला कलंडली आणि हळूहळू, थांबवता न येण्यासारखी, घसरत फरशीवर आली. लागलं नाही फारसं. पण उठायचं कसं? त्याने काखेत हात घातले, ओढलं. मागून कंबर धरून पाहिलं. तिसऱ्या वेळी त्याचा स्वतःचाच पाय सटकला आणि तोही तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बसला. आधी दोघं हसली. मग हसणं थांबलं, पाणी गार होत गेलं आणि ताईचे ओठ थरथरायला लागले. शेवटी तो खाली धावला आणि पहिल्या मजल्यावरच्या ड्रायव्हरला घेऊन आला.

हा ड्रायव्हर शहराच्या बसवर होता. धिप्पाड, कमी बोलणारा माणूस. त्याने ताईच्या अंगावर आधी टॉवेल टाकला, गुडघ्यांत वाकला, आणि ‘आजी, माझ्या गळ्यात हात टाका’ म्हणून तिला सरळ उभी केली. जाताना मान खाली घालून गेला. वागण्यात कुठेही खोट नव्हती. तरी त्या दिवशी ताई संध्याकाळपर्यंत बोलली नाही. ताई बोलत नाही म्हणजे घरातलं घड्याळ बंद पडल्यासारखं झालं.

दिवे लावल्यावर ती म्हणाली, ‘बाळ, पुन्हा परक्या माणसाला बोलवायचं नाही.’

‘अगं, ते खालचे ड्रायव्हर. परके कुठले?’

‘तुला नसतील. मला परके. मी तशीच पडून राहीन, तू माझ्याजवळ बस, सकाळी बाई येईल. पण पुन्हा कुणाला बोलवू नकोस.’

त्याने होय म्हटलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात ड्रायव्हर भेटला तेव्हा दातवाल्याला त्याच्याकडे बघवेना. ड्रायव्हरनेच विषय काढला. ‘दातवाले, रागावू नका. उचलायला ताकद लागते, पण त्याहून जास्त पद्धत लागते. माझी पाठ गेली होती गाडी चालवून चालवून. फोन द्या तुमचा.’ आणि जिन्यात उभ्या उभ्या त्याने दातवाल्याच्या फोनवर व्यायामाचं एक ॲप घालून दिलं. ‘हा सांगतो तसं करायचं. जास्त शहाणपणा करायचा नाही. तुम्हाला झेपतं का ते तो रोज विचारतो आणि त्याप्रमाणे कमी-जास्त करतो.’

घरी आल्यावर भावंडांनी फोन मध्ये ठेवून प्रश्नांची उत्तरं भरली. वय किती, आधी कधी व्यायाम केलाय का, कुठे दुखतं, घरात कुठली साधनं आहेत. कशासाठी करायचंय या प्रश्नाला चार पर्याय होते. वजन घटवणे, शरीर कमावणे, दम वाढवणे, रोजची कामं सोपी होणे.

‘शरीर कमावणे दाब,’ ताई म्हणाली. ‘बघू तरी काय करतो तुझं.’

त्याने रोजची कामं दाबलं. फोनने क्षणभर विचार केल्यासारखं दाखवलं आणि मग लिहून आलं: ‘अभिनंदन. आपली वैयक्तिक योजना तयार आहे.’

‘मास्तर दिसतात,’ ताई म्हणाली. तेव्हापासून त्या ॲपचं नाव मास्तर पडलं.

पहिल्या दिवशी मास्तरांनी फक्त खुर्चीतून उठायला आणि बसायला सांगितलं, आणि भिंतीला हात लावून ढकलायला. एवढ्यातच दातवाल्याला धाप लागली. शेवटी मास्तरांनी विचारलं, कसं वाटलं? सोपं, ठीक, अवघड. त्याने खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी उठबशा कमी झालेल्या.

‘ऐकतो की रे तो,’ ताई म्हणाली. ‘जन्मभर मी इतक्या लोकांचे फोन जोडून दिले, पण सांगितलेलं असं कुणी ऐकलं नाही.’

हळूहळू व्यायाम चढत गेला. घरात वजनं नव्हती, तेव्हा मास्तर म्हणाले पिशवीत काहीही भरा. याने लॅबमधून साच्यांच्या प्लास्टरची न उघडलेली पिशवी मालकाला विचारून घरी आणली. ती जमिनीवर ठेवायची, कंबरेतून वाकायचं, पाठ ताठ, टाचांवर जोर, आणि उभं राहायचं. फोनवर एक माणूस करून दाखवायचा. ताई पलंगावर उशीला टेकून बसायची आणि डोळ्यांत तेल घालून बघायची.

‘पाठ वाकली.’

‘नाही वाकली.’

‘मी इथून बघतेय. तू स्वतःची पाठ कशी बघणार? पुन्हा कर.’

तो पुन्हा करायचा. आठवड्याच्या शेवटी मास्तर वजन किंचित वाढवायचे. कधी त्याचा खांदा धरला तर दोन दिवस पायांचाच व्यायाम द्यायचे. या माणसाकडे आयुष्यात कुणी इतकं बारकाईने लक्ष दिलं नव्हतं. अर्थात ताई सोडून. आणि ताईने दिलेलं लक्ष माणूस मोजत नाही.

काही महिन्यांनी, एका संध्याकाळी, बाई लवकर गेली होती आणि ताई खुर्चीत अवघडून बसली होती. त्याने विचारलं, ‘बघू का?’ ती म्हणाली, ‘बघ. आपटलंस तर पलंगाच्या बाजूला आपट.’ तो गुडघ्यांत वाकला. तिचा उजवा हात गळ्याभोवती घेतला. टाचांवर जोर दिला आणि ताई उठली. खुर्चीतून उठून, वळून, पलंगावर बसली.

मग ताई म्हणाली, ‘उचललंस की रे.’

तो गच्चीवर जाऊन उगाच फिरून आला. तिथे वाळत घातलेले कपडे होते, बाकी कुणी नव्हतं. कुणाला तरी सांगावंसं त्याला फार वाटत होतं.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. इतके चांगले की पुढे त्याला त्यांची आठवण काढायची भीती वाटायची. ताईला न्हाणीघरात नेणं, खिडकीशी बसवणं, रविवारी गच्चीच्या दारापर्यंत नेऊन ऊन दाखवणं, सगळं जमायला लागलं. आधी तिला उचलताना त्याचे दात आवळले जायचे, मग तेही थांबलं. शर्ट खांद्यात घट्ट होऊ लागला. चालताना त्याची मान वर असायची. लॅबमध्ये एकदा त्याने आपण होऊन मालकाला सांगितलं की मी आता बहिणीला सहज उचलतो. मालक फोनमधून वर बघून ‘वा’ म्हणाला आणि पुन्हा फोनमध्ये शिरला. दातवाल्याला त्याचंही वाईट वाटलं नाही. उचलणं सोपं होत चाललं होतं, आणि मास्तर रोज सांगत होते की आपली प्रगती उत्तम आहे.

याच सुमारास ताईची कवळी सैल झाली. ती त्यानेच बनवलेली होती, जीव ओतून. बोलताना ती टकटक वाजायला लागली, तेव्हा तो ती लॅबमध्ये घेऊन गेला आणि आतून नवा थर चढवून घट्ट बसवून आणली. थोड्या दिवसांनी पुन्हा वाजायला लागली. पुन्हा थर. हिरड्या वयानुसार झिजतात, असं तो ताईला समजावून म्हणाला. ती म्हणाली, ‘तुला माहीत.’

वर्षाची तपासणी होती म्हणून ड्रायव्हरच्या ओळखीची गाडी करून तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. गाडीतून चाकांच्या खुर्चीत त्यानेच उतरवली. दारातला शिपाई बघत राहिला. आत खुर्चीसकट वजन करायचा नवा काटा आला होता. ताईला उभं राहता येत नव्हतं, म्हणून झटक्यानंतर तिचं वजन कुणी केलंच नव्हतं. नर्सने आकडा पाहिला, फाइलमधला जुना कागद पाहिला, आणि पुन्हा वजन केलं.

‘आधी चौऱ्याऐंशी लिहिलंय,’ ती म्हणाली. ‘आता एकसष्ट.’

‘काटा बघा एकदा,’ दातवाला म्हणाला. ‘नवीन आहे ना.’

नर्स चांगली होती. तिने ताईला बाजूला बसवून रिकाम्या खुर्चीचं वजन केलं, मग स्वतः बसून केलं. काटा बरोबर होता. ती डॉक्टरांना बोलवायला गेली. दातवाला तिथेच उभा राहिला. त्याला आधी भीती वाटलीच नाही. आधी लाज वाटली. भर चौकात खिसा उलटा करून दाखवावा आणि त्यातून काहीच पडू नये, तशी. गच्चीवर फिरून आला होता तो. मालकाला सांगितलं होतं. हाताला हलकं लागत होतं आणि हा स्वतःच्या दंडांकडे बघत होता. कवळी दोनदा त्याच्या हातात आली होती, आतून मोकळी झालेली. दुसऱ्या कुणाची असती तर त्याने डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली असती की या पेशंटचं वजन उतरलंय का बघा. भीती नंतर आली, डॉक्टरांनी ताईच्या पोटावर हात ठेवून बराच वेळ काढला तेव्हा.

तपासण्या झाल्या. पोटातलं दुखणं होतं आणि ते पोटापुरतं राहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हे बरंच आधीपासून असणार. या वयात, झटक्यानंतर, फार काही करता येणार नाही, दुखू न देणं आपल्या हातात आहे.

घरी आल्यावर त्याने तिला पलंगावर ठेवलं. चप्पल न काढताच समोर बसला.

‘ताई, तुला कळत होतं?’

‘गाऊन ढगळ होत होते. कळणार नाही कसं?’

‘आणि जेवण?’

‘अर्धं परत जायचं. बाईला मीच सांगितलं होतं, बोलायचं नाही म्हणून. तिला रागावू नकोस.’

‘मग मला का नाही बोललीस?’

ताईने खिडकीकडे पाहिलं. तिची उजवी मूठ चादरीवर उघडत-मिटत होती.

‘तू मला उचलायचास ना, तेव्हा तुझं तोंड माझ्या तोंडाशी यायचं,’ ती म्हणाली. ‘नोकरी लागली तेव्हासुद्धा तू इतका खूश नव्हतास. मी म्हणायचे, सांगू पुढच्या आठवड्यात. मग तू पुन्हा उचलायचास.’

तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसला. ताईने दोनदा हाक मारली. आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

त्यानंतर त्याने व्यायाम सोडला. काय करायचा होता वाढवून? ताईला उचलायला आता जोर लागतच नव्हता. लागत नव्हता म्हणूनच त्याचा जीव घाबरायचा. हात खाली घालताना तो पूर्वीचा भार गृहीत धरायचा, आणि ती एकदम वर यायची. मग तो तिला मुद्दाम सावकाश उचलायला शिकला. ती कधीकधी विचारायची, ‘मास्तरांकडे दांडी मारलीस?’ तो म्हणायचा, ‘सुट्टी दिलीय त्यांनी.’ शेवटी तो रजा काढून घरीच राहिला. एका दुपारी, बाई खिडकीचा पडदा ओढत होती आणि हा ताईचे पाय चेपत होता, तेव्हा ताई गेली. बाईने पडदा तसाच अर्धा सोडला.

नातेवाईक आले. चांगलं बोलले, दोन दिवस राहिले आणि गेले. बाईला दुसरं घर मिळालं. भाड्याने आणलेला पलंग दुकानाची माणसं उचलून घेऊन गेली आणि त्या जागी फरशीचा उजळ चौकोन राहिला. लॅबमध्ये मालकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि साच्यांचा नवा डबा समोर ठेवला. संध्याकाळी घरी आलं की करण्यासारखं काही नसायचं. तो जेवण उभ्यानेच उरकायचा. रेडिओ लावला तर त्यातला माणूस फार मोठ्याने बोलतोय असं वाटायचं, आणि बंद केला तर स्वतःचं चावणं ऐकू यायचं.

एका संध्याकाळी फोन वाजला म्हणून त्याने घाईने पाहिलं. मास्तर होते. ‘आपली आठवण येते. थोडा खंड पडला तरी हरकत नाही. योजना बदलून दिली आहे.’

त्याने ते उघडलं. व्यायाम आधीच्या निम्म्यावर आणलेले. तो पलंगाच्या रिकाम्या जागेशी खुर्ची घेऊन बसला आणि फोनमधला माणूस वजन उचलताना बघत राहिला. स्वतः हलला नाही. सगळं संपल्यावर मास्तरांनी विचारलं, कसं वाटलं?

दातवाल्याने बराच वेळ त्या प्रश्नाकडे पाहिलं. मग ‘अवघड’ दाबलं.

‘समजलं,’ लिहून आलं. ‘उद्या थोडं हलकं करूया.’

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तो बसून बघायचा, शेवटी प्रश्न यायचा, तो ‘अवघड’ दाबायचा, आणि मास्तर समजून घ्यायचे. लॅबमधून निघताना त्याला आता घरी जायची थोडी ओढ लागायला लागली. दुसरं कोण विचारत होतं? पण मास्तर प्रत्येक उत्तरासरशी खाली उतरत होते. पिशवी गेली. मग पिशवीशिवाय वाकणं गेलं. उठबशा कमी होत होत दोनावर आल्या. मग नुसतं भिंतीला टेकून उभं राहणं. आणि एके दिवशी व्यायाम आलाच नाही. तिथे लिहिलं होतं: ‘कृपया विश्रांती घ्या आणि पुढे जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.’ खाली प्रश्न नव्हता, बटणंही नव्हती.

त्याने फोन बंद करून चालू केला. पुन्हा तेच. तेव्हा तो चप्पल घालून पहिल्या मजल्यावर गेला.

ड्रायव्हर नुकताच ड्युटीवरून आला होता, अंगात अजून गणवेश. बायको आत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने बाहेर डोकावून ‘बसा ना’ म्हटलं. दातवाला उभाच राहिला. ‘फोन बिघडलाय बहुतेक,’ तो म्हणाला. ‘व्यायाम येईना.’

ड्रायव्हरने फोन हातात घेतला, अंगठ्याने वर-खाली पाहिलं. प्रत्येक दिवसापुढे अवघड, अवघड, अवघड. पार खालपर्यंत. त्याने दातवाल्याच्या दंडांकडे पाहिलं, मग पुन्हा फोनकडे.

‘तुम्ही हे करतच नव्हता ना?’

‘नाही.’

‘मग बटण कशाला दाबायचात?’

दातवाल्याने दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडला. ‘विचारायचा ना रोज,’ तो म्हणाला. ‘कसं वाटलं म्हणून.’

आत कपड्यांची सळसळ थांबली. ड्रायव्हरने फोन परत दिला. सांत्वन वगैरे त्याला जमण्यातलं नव्हतं. ‘सकाळी सहाला या,’ तो म्हणाला. ‘माझी ड्युटी आठची आहे. ॲप मी माझं लावीन, तुम्ही माझ्याबरोबर करा. तुमच्याच्यानं होईल तेवढं.’

पहिल्या सकाळी तो जाणार नव्हता. साडेपाचपासून अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडला होता, आणि न जाण्याचं कारण काय सांगायचं ते जुळवत होता. कारण सुचलं नाही म्हणून गेला. ड्रायव्हरने समोरच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावून जागा केली होती. दोघांनी व्यायाम केला. बोलणं जवळजवळ नाहीच. ‘पाय थोडे लांब’, ‘श्वास सोडा’, एवढंच. दातवाल्याचं अंग आठवडाभर ठणकत राहिलं. तरी तो जात राहिला. ड्रायव्हरची पाळी बदलली की दोन-तीन दिवस जमायचं नाही. ते दिवस याला फार लांब जायचे, आणि त्या दिवशी तो वर एकटाच करायचा, फोनमधल्या माणसाकडे न बघता.

असंच एकदा दोन सेटच्या मध्ये दोघं भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसले होते. विश्रांतीचे सेकंद फोनवर उलटे सरकत होते. स्वयंपाकघरात चहा उकळत होता. दातवाला समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, ‘ताई एक्स्चेंजमध्ये होती ना, तेव्हा कधीकधी सुट्टीत मला घेऊन जायची. मी तिच्या पायाशी बसायचो, टेबलाखाली. तिथून फक्त तिचा आवाज ऐकू यायचा. सगळ्यांना ती एकच वाक्य म्हणायची. थांबा, जोडून देते. दिवसभर तेच. मला वाटायचं, एवढ्या लोकांना कोण भेटत असेल?’

विश्रांती संपल्याची शिटी वाजली. तो लगेच उठायला लागला. ड्रायव्हरने हात लांबवून फोन उपडा केला.

‘सांगा,’ तो म्हणाला.

दातवाल्याने तोंड उघडलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण सगळं एकदम दाराशी आल्यासारखं झालं आणि कुठलंच बाहेर पडेना. तो बराच वेळ तसाच बसला. ड्रायव्हरही बसला. चहा उतू जाऊन शेगडीवर चुरचुरल्याचा आवाज आला, तरी कुणी उठलं नाही.

‘एवढंच,’ दातवाला शेवटी म्हणाला.

ड्रायव्हरने मान हलवली. मग तो उठला, हात देऊन याला उठवलं, आणि दोघं पुढच्या सेटला लागले.